गाणी हलतात, नोंदी मागे राहतात

विंडोज १० या संगणकप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. पुढची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था मागते, आणि ती नसलेले जुने संगणक तिच्यासाठी अधिकृतपणे पात्र ठरत नाहीत. परिणामी दहा-बारा वर्षे बिनतक्रार चाललेला घरचा संगणक बदलण्याचा प्रसंग सध्या अनेकांवर आला आहे. कागदपत्रे आणि छायाचित्रे नव्या संगणकावर नेणे तुलनेने सरळ असते. गाण्यांचा संग्रह मात्र फसवा आहे. फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला, नव्या संगणकावर उतरवला, एखादे गाणे लावून पाहिले आणि ते वाजले, की काम फत्ते झाले असे वाटते. जुना संगणक भंगारात जातो. मग कधीतरी सवडीने संग्रह उघडावा, तर वर्षानुवर्षे जुळवलेल्या याद्या नाहीत, आवडत्या गाण्यांना दिलेले तारे नाहीत, आणि ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा नावांच्या दोन-तीनशे फाइली समोर रांगेने उभ्या असतात.

चित्रपटगीतांचे असे झाले तर फारसे बिघडत नाही. ती आज कुठेही मिळतात. पण गोव्यातील घरांमधल्या संग्रहांत बाजारात कधीच न आलेले बरेच काही असते. देवळातील उत्सवात रंगलेले संगीत नाटक कुणीतरी टेपरेकॉर्डरवर घेतलेले असते. भजनी सप्ताहातील एखादी रात्र असते, पायपेटीवर बसून आजोबांनी शिकवलेली चाल असते, आईच्या पिढीने गायिलेली धालो-फुगडीची गीते असतात. येथील दमट हवेत कॅसेटच्या फितीला बुरशी लवकर लागते. म्हणून अनेकांनी मागेच या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. पुढे फिती खराब झाल्या, टाकल्या गेल्या, आणि संगणकावरची फाइल हीच मूळ प्रत होऊन बसली. गायक कोण, तबल्यावर कोण, नाटक कोणते, साल कोणते, हे कॅसेटच्या डबीतील कागदावर पेनाने लिहिलेले असे. डबीबरोबर तो कागदही गेला. आता ती माहिती असलीच, तर संगणकातील नोंदींत आहे. फाइल हलवताना ती सुटली, तर ध्वनी शिल्लक राहतो आणि तो कुणाचा हे सांगणारे काही राहत नाही.

नोंदी राहतात तरी कुठे?

संगणकावरील एका गाण्याविषयीची माहिती तीन वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेली असू शकते. पहिले ठिकाण म्हणजे फाइलचे आणि फोल्डरचे नाव. दुसरे, खुद्द फाइलच्या पोटात जोडलेला टॅग. तिसरे, आपण ज्या प्रोग्राममध्ये गाणी ऐकतो त्या प्रोग्रामने स्वतःसाठी ठेवलेली नोंदवही. फोल्डर उचलून नेला की पहिली दोन ठिकाणे आपोआप बरोबर येतात. तिसरे येत नाही. घोटाळा होतो तो इथे. कारण पडद्यावर या तिन्हींतील माहिती एकाच ओळीत, शेजारी-शेजारी दिसते आणि कोणती कुठून आली हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

टॅग ही कल्पना १९९६ सालची. एमपी-थ्री फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटचा एक लहानसा तुकडा जोडायचा, आणि त्यात गाण्याचे नाव, कलाकार, अल्बम, साल, शेरा आणि प्रकार लिहायचा, अशी ती योजना होती. आयडी-थ्री या नावाने ती ओळखली जाते. गाण्याच्या नावाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. रोमन लिपीत एक अक्षर एका बाइटात बसते, त्यामुळे इंग्रजी गाण्यांचे कसेबसे भागत असे. आजच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना-मात्रा, अनुस्वार हीही वेगळी चिन्हे धरली जातात. म्हणजे त्या ३० बाइटांत देवनागरीची जेमतेम दहा चिन्हे मावतील. ‘दीनानाथ मंगेशकर’ हे नावसुद्धा पुरे बसणार नाही. संगीताच्या प्रकारासाठी ८० नावांची ठरीव यादी दिलेली होती. तीत पोल्का आहे. भजन, अभंग, नाट्यगीत यांतले काहीच नाही.

पुढच्या आवृत्त्यांनी ही अडचण दूर केली. आयडी-थ्रीच्या दुसऱ्या पिढीत टॅग फाइलच्या आरंभी बसतो, त्याला लांबीचे असे बंधन नाही आणि देवनागरीही व्यवस्थित राहते. मुखपृष्ठाचे चित्र, संगीतकार, दीर्घ शेरा, सारे त्यात लिहिता येते. फ्लॅक या प्रकारच्या फाइलींतही अशी सोय आहे. वेव्ह प्रकारच्या फाइलींचे मात्र तसे नाही. त्यांत टॅग लिहिण्याच्या एकाहून अधिक पद्धती आहेत आणि एका प्रोग्रामने लिहिलेले दुसरा वाचेलच असा भरवसा नसतो. कॅसेटवरून उतरवलेले ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात असेल, तर त्याची फ्लॅक प्रत करून घेणे इष्ट. ध्वनीत काडीचाही फरक पडत नाही, जागा पुष्कळ वाचते, आणि नाव-गाव कायमचे चिकटवता येते.

आता नोंदवहीकडे. आयट्यून्स, मीडियामंकी, म्युझिकबी यांसारखा प्रत्येक प्रोग्राम स्वतःची एक माहितीफाइल ठेवतो. आयट्यून्समध्ये आपण गाण्याला दिलेले तारे, ते किती वेळा ऐकले, संग्रहात कधी आले आणि सगळ्या याद्या त्या एका फाइलीत असतात. गाण्याच्या टॅगमध्ये नसतात. विंडोजवर ती ‘म्युझिक’ फोल्डरमधील ‘आयट्यून्स’ या फोल्डरात असते. गाणी दुसऱ्याच ड्राइव्हवर ठेवलेली असली, तर फक्त गाण्यांचा फोल्डर नेणाऱ्याच्या हाती नोंदवही लागतच नाही. उलट म्युझिकबी, मीडियामंकी आणि विंडोज मीडिया प्लेयर हे तारे फाइलच्या टॅगमध्येही लिहू शकतात. म्हणजे एकाच गल्लीतील दोन घरांनी एकच फोल्डर एकाच पद्धतीने हलवला, तरी एकाचे तारे टिकतील आणि दुसऱ्याचे जातील.

पत्ता बदलला की

नोंदवहीची फाइल शोधून नेली तरी पुढे आणखी एक अडचण असते. त्या वहीत गाणे नसते. गाण्याचा पत्ता असतो. डी ड्राइव्ह, त्यात ‘गाणी’ हा फोल्डर, त्यात ‘नाट्यसंगीत’, त्यात अमुक फाइल, असा तो पत्ता. नव्या लॅपटॉपवर बहुधा एकच सी ड्राइव्ह असतो. प्रोग्राम जुन्या पत्त्यावर जातो, तिथे काही सापडत नाही, आणि आयट्यून्समध्ये गाण्याच्या नावाशेजारी उद्गारचिन्ह दिसू लागते. गाणी सी ड्राइव्हवरच असली तरीही सुटका नाही. त्या पत्त्यात वापरकर्त्याच्या नावाचा फोल्डर येतो. विंडोज ११ सुरू करताना मायक्रोसॉफ्ट खाते वापरले, तर हा फोल्डर साधारणतः ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून तयार होतो. जुन्या संगणकावर तिथे पूर्ण नाव असेल, नव्यावर पाच अक्षरे, पत्ता चुकला.

यावरचा सर्वांत सोपा तोडगा म्हणजे पत्ता बदलूच न देणे. गाणी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवणार असाल, तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून त्या डिस्कला जुन्या ड्राइव्हचेच अक्षर देता येते. फोल्डरांची नावे आणि रचना जशीच्या तशी राखली की प्रोग्रामला काही बदलले आहे हे कळतही नाही. आयट्यून्स वापरणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे. जुन्या संगणकावर ‘ऑर्गनाइझ लायब्ररी’मध्ये जाऊन ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ हा पर्याय निवडला, की इकडेतिकडे विखुरलेली सर्व गाणी एका फोल्डरात गोळा होतात. त्यासाठी डिस्कवर पुरेशी मोकळी जागा हवी, कारण गाण्यांच्या प्रती तयार होतात, मूळ फाइली जागच्या जागी राहतात. मग ‘आयट्यून्स’ हा अख्खा फोल्डर, नोंदवहीसकट, नव्या संगणकाच्या ‘म्युझिक’ फोल्डरात ठेवायचा आणि शिफ्टची कळ दाबून धरून आयट्यून्स उघडायचे. कोणता संग्रह उघडू, असे ते विचारते. तिथे आणलेला फोल्डर दाखवायचा. मॅकवर शिफ्टऐवजी ऑप्शनची कळ, आणि २०१९ मधील कॅटालिना आवृत्तीपासून आयट्यून्सच्या जागी ‘म्युझिक’ हे अ‍ॅप. ते जुना आयट्यून्स संग्रह स्वतःच्या रूपात बदलून घेते.

याद्यांचे म्हणाल, तर विनॅम्पच्या काळापासून चालत आलेली एम-थ्री-यू ही यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल आहे. नोटपॅडमध्ये ती उघडते. प्रत्येक ओळीवर एका गाण्याचा पत्ता दिसतो, आणि ‘शोधा व बदला’ या सोयीने जुना पत्ता काढून नवा घालता येतो. दोनशे गाण्यांची यादी अर्ध्या मिनिटात दुरुस्त होते. म्हणून प्रोग्राम कोणताही असो, निघण्यापूर्वी सर्व याद्या या स्वरूपात बाहेर काढून ठेवाव्यात.

देवनागरीची वेगळी दुखणी

मराठी नावे दिलेल्या संग्रहांना काही त्रास असे होतात, की ज्यांचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा येत नाही.

वर सांगितलेल्या एम-थ्री-यू यादीत जुन्या पद्धतीने देवनागरी टिकत नाही; तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटते. यासाठी एम-थ्री-यू-८ असा प्रकार आहे. शेवटचा आठ यूटीएफ-८ चा. मराठी नावांसाठी तोच निवडावा.

दुसरे दुखणे ‘ऱ’चे. वारकऱ्यांमधला, दऱ्याखोऱ्यांमधला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या मॅक संगणकांची डिस्क-पद्धत फाइलच्या नावातील अशी अक्षरे सुटी करून ठेवत असे. विंडोज जसे लिहिले तसे ठेवते. त्यामुळे मॅकवरून विंडोजवर आणलेल्या ‘वारकऱ्यांचे अभंग’ या फोल्डराचे नाव आणि यादीत लिहिलेले तेच नाव पडद्यावर हुबेहूब सारखे दिसत असूनही संगणकाच्या लेखी वेगळे ठरू शकते, आणि त्या फोल्डरातील गाणी तेवढी ‘सापडत नाहीत’. उपाय साधा आहे: फोल्डराचे नाव नव्या संगणकावर पुन्हा हाताने टंकावे. पण कारण ठाऊक नसेल तर माणूस दिवसभर डोके खाजवत बसतो.

तिसरे दुखणे जुन्या फाँटचे. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटांत टंकलेल्या गाण्यांच्या सूची अनेक मंडळांकडे आहेत. तो फाँट नव्या संगणकावर नसेल तर ती सूची म्हणजे रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो. जुना संगणक चालू असेतोवर सूची उघडून तिची छापील प्रत किंवा पीडीएफ करून घ्यावी. युनिकोडमध्ये रूपांतर पुढे केव्हाही करता येईल.

निघण्यापूर्वी माहिती फाइलीत उतरवणे

या सगळ्याचा निष्कर्ष असा, की प्रोग्रामच्या वहीत आणि घरातल्यांच्या आठवणीत असलेली माहिती शक्य तितकी फाइलच्या टॅगमध्ये उतरवावी, आणि हे काम जुन्या संगणकावर, सर्व काही धड दिसत असताना करावे. नव्या संगणकावर गेल्यावर ते दुप्पट कष्टाचे होते. अर्थात आरंभी सगळ्या संग्रहाची एक जशीच्या तशी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून बाजूला ठेवायची. एकगठ्ठा टॅग बदलताना एक चुकीची कळ शंभर फाइलींवरचे नाव पुसू शकते.

विंडोजवर यासाठी एमपी३टॅग हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. फाइलच्या नावावरून टॅग भरणे, पन्नास फाइलींना एकदम एकच अल्बम देणे, ही कामे तो चटकन करतो. एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. कित्येक घरगुती ध्वनिमुद्रणांच्या काळाचा एकमेव धागा म्हणजे फाइलवरची तारीख. ती कॅसेट उतरवल्याची तारीख असते, कार्यक्रमाची नव्हे; तरीही ‘ही कॅसेट त्या वर्षी घरात होती’ एवढे तरी तिच्यावरून कळते. टॅग बदलून जतन केला की फाइलची बदलाची तारीख आजची होते, आणि प्रत काढली की निर्मितीची तारीख आजची होते. एमपी३टॅगमध्ये मूळ तारीख राखण्याचा पर्याय आहे. तो आधी सुरू करून घ्यावा.

आयट्यून्समधील ताऱ्यांसाठी एक युक्ती आहे. पाच तारे असलेल्या गाण्यांची आपोआप बनणारी यादी तयार करावी, त्यातील सर्व गाणी निवडावी आणि त्यांच्या माहितीत ‘ग्रुपिंग’ या रकान्यात ‘पाच तारे’ असे लिहावे. मग चार ताऱ्यांचे, मग तीन. हा रकाना टॅगमध्ये लिहिला जातो, त्यामुळे तो फाइलीबरोबर जातो. शेऱ्याचा रकाना यासाठी वापरू नये. तिथे आधी काही लिहिलेले असेल तर ते पुसले जाईल.

आपल्या संगीतासाठी कोणत्या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न जरा विचार करण्यासारखा आहे. कलाकार, अल्बम, प्रकार ही चौकट पाश्चात्त्य तबकड्यांच्या दुकानातून आलेली आहे. नाट्यपदाचा ‘अल्बम’ कोणता? नाटकाचे नाव अल्बममध्ये घालावे, हे सर्वांत सोयीचे. ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ ही दोन्ही नाटके, लेखक वेगळे असले तरी, संगीतकार म्हणून पंडित जितेंद्र अभिषेकी यांची. ‘कंपोझर’ या रकान्यात त्यांचे नाव लिहिले, तर वेगवेगळ्या नाटकांतील, वेगवेगळ्या गायकांनी गायिलेली मंगेशीच्या या बुवांची सगळी पदे एका टिचकीत एकत्र येतात. ‘कलाकार’ म्हणजे त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणात गाणारी व्यक्ती, मग ती नामवंत गायिका असो वा गावच्या नाटकात उभा राहिलेला शिक्षक. मूळ पद कुणी अजरामर केले, हे मनात असते म्हणून तेच नाव इथे लिहिण्याकडे कल होतो. तो टाळावा. तसे केले तर गावच्या नाटकातल्या गायकाचे नाव कायमचे पुसले जाते.

रागदारीच्या ध्वनिमुद्रणांत राग आणि ताल गाण्याच्या नावाच्या रकान्यातच लिहिलेले बरे; तो रकाना प्रत्येक प्रोग्राम दाखवतो. साथीदार, स्थळ, तारीख, प्रसंग, कॅसेट कुणाकडून मिळाली, हे सारे शेऱ्यात. तारीख माहीत नसेल आणि अंदाज असेल, तर तो अंदाज आहे असे शेऱ्यातच स्पष्ट लिहावे. सालाच्या रकान्यात ठोकून दिलेला आकडा चार वर्षांनी लिहिणाऱ्यालाही खरा वाटू लागतो.

फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले, हे गोव्यात शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्या सोनेरी तबकडीच्या वेष्टनावर ती कशी वाजवावी याच्या आकृत्या कोरलेल्या आहेत, आणि वाजवण्याची सुईही सोबत दिलेली आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. ऐकणारा कोण असेल आणि त्याच्याकडे कोणते यंत्र असेल, याचा काहीच भरवसा नव्हता. म्हणून माहिती वस्तूलाच जोडून पाठवली.

प्रत काढताना

जागेचा हिशेब आधी करावा. १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागते. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलीला दहा. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एमपी-थ्रीत ६० एमबी, वेव्हमध्ये ६०० एमबी. नव्या लॅपटॉपच्या ५१२ जीबी डिस्कवर सर्व काही मावेलच असे नाही. मोठे संग्रह बाहेरच्या डिस्कवरच ठेवावे लागतात. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर वापरायची असेल तर ती डिस्क एक्सफॅट पद्धतीने तयार करावी. जुन्या यूएसबी २ च्या जोडणीतून १०० जीबी जायला तासभर तरी लागतो, फाइली लहान आणि असंख्य असतील तर त्याहून बराच अधिक. पावसाळ्यात वीज जाण्याची खोड लक्षात घेता डेस्कटॉपला यूपीएस असल्याखेरीज हे काम हाती घेऊ नये.

‘कट’ करून ‘पेस्ट’ कधीही करू नये, नेहमी ‘कॉपी’. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांची ‘प्रॉपर्टीज’ उघडून फाइलींची संख्या आणि बाइटांतील आकार ताडून पाहावा. ‘साइज ऑन डिस्क’ हा आकडा दोन डिस्कांवर वेगळा येणारच, त्याने घाबरू नये. ‘साइज’ जुळला पाहिजे. विंडोज मीडिया प्लेयरने मुखपृष्ठांची लपवलेली चित्रे फोल्डरांत टाकलेली असतात, त्यामुळे संख्येत थोडा फरक पडू शकतो. फरक नेमका कशाचा, हे मात्र पाहूनच पुढे जावे. अतिशय लांब नावांचे, एकात एक दडलेले फोल्डर असतील तर विंडोजची २६० अक्षरांच्या पत्त्याची जुनी मर्यादा आडवी येते आणि नेमक्या त्याच फाइली मागे राहतात.

अलीकडे एक नवा सापळा तयार झाला आहे. वनड्राइव्ह सुरू असेल तर ‘म्युझिक’ फोल्डरातील काही फाइली फक्त इंटरनेटवर असतात. इथे त्यांचे नाव आणि ढगाचे चिन्ह तेवढे दिसते. त्या आधी संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि मगच प्रत काढावी. मोफत वनड्राइव्हची जागा ५ जीबी. कॅसेटींचा संग्रह तिथे मावत नाही. शिवाय तिथे एका बाजूला पुसलेले दुसऱ्या बाजूलाही पुसले जाते, त्यामुळे त्याला राखीव प्रत मानता येत नाही. इंटरनेटवरील सेवेवर सर्वस्वी विसंबणाऱ्यांनी गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झाले, हे आठवावे.

काही फाइली हलवूनही वाजत नाहीत. विंडोज मीडिया प्लेयरच्या जुन्या आवृत्त्यांत सीडी उतरवताना संरक्षणाचा पर्याय चालू राहिला असेल, तर त्या डब्ल्यूएमए फाइली त्याच संगणकाशी बांधलेल्या असतात. मूळ सीडी असल्यास बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह जोडून पुन्हा उतरवणे, हाच मार्ग. परदेशात राहून आलेल्यांनी २००९ पूर्वी आयट्यून्सवर विकत घेतलेल्या गाण्यांनाही असे कुलूप असू शकते. ती वाजवण्यासाठी एका खात्यावर पाचच संगणकांना परवानगी मिळते, म्हणून जुना संगणक देऊन टाकण्याआधी त्याची परवानगी काढून घ्यावी. भारतात आयट्यून्सचे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये उघडले. तोवर गाण्यांवरची कुलपे गेली होती.

जुना संगणक सुरूच होत नसेल तर डिस्क मेली असे समजू नये. पुष्कळदा बिघाड दुसरीकडे असतो. लॅपटॉपमधील डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली की नव्या संगणकावर ती पेनड्राइव्हसारखी उघडते. पण डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर पुनःपुन्हा चालू करून पाहण्याचा मोह आवरावा. प्रत्येक प्रयत्नात उरलेसुरलेही जाते. ती लगेच बंद करून जाणकाराकडे द्यावी.

सगळे नीट उतरले तरी जुना संगणक किंवा निदान त्याची डिस्क चार-सहा महिने सांभाळून ठेवावी, कारण काय राहिले हे ते लागेपर्यंत कळत नाही. संग्रहाच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या घरांत असाव्यात. एक पणजीला आणि दुसरी गावच्या घरी, अशी सोय अनेकांना सहज होण्यासारखी आहे. आणि नाव नसलेल्या फाइली उरल्याच, तर चवथीला घर भरलेले असते तेव्हा लॅपटॉप बरोबर न्यावा. पहिल्या आलापात आवाज ओळखणारी एखादी आत्या किंवा काका तिथे असतात. त्या सांगतील ते नाव तिथल्या तिथे शेऱ्याच्या रकान्यात लिहावे, आणि कुणी सांगितले व कोणत्या दिवशी, हेही पुढे जोडावे.